भोपळ्याच्या फुलांची टोपरी

एका गावात दोन जावा राहत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक कुंपण राहत होतं.

कुंपण नंतर आलं. आधी घर एक होतं, चूल एक होती आणि मागचं परसही एकच होतं. मग दोघा भावांनी समजुतीने वाटण्या केल्या. समजुतीने म्हणजे चार महिने एकमेकांशी न बोलता. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि परसाच्या मधोमध काट्यांचं कुंपण. थोरल्या जावेच्या वाट्याला विहिरीजवळची काळी माती आली. धाकटीकडे गोठा गेला. गोठ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीत एक भोक होतं आणि त्या भोकात मधमाश्यांनी घर केलं होतं. वाटणीच्या वेळी माश्यांचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही, त्यामुळे त्याही धाकटीकडेच राहिल्या.

त्या गावाला तांबड्या भोपळ्याचं भारी कौतुक. गावामागच्या टेकडीवर वेलाई देवीचं देऊळ होतं आणि मार्गशीर्षात तिची जत्रा भरे. त्या दिवशी गावातला सगळ्यांत मोठा भोपळा देवीला जाई. ज्या बाईच्या वेलावर तो धरला असेल, तीच तो डोक्यावर घेऊन टेकडी चढे. पुढे ढोल, मागे सारा गाव. वर पोचल्यावर त्याच भोपळ्याचे गोड घारगे तळले जात आणि प्रत्येकाच्या हातावर प्रसादाचा एक घारगा पडे.

मात्र घारग्यांआधी मानाच्या बाईने देवळाच्या खालच्या पायरीवर बसून वेल सांगायचा असे. म्हणजे बी कधी टोचलं, खत कोणतं घातलं, पाणी किती दिलं, कीड कशी वेचली, ते सगळं. देवीच्या पायाशी खोटं बोलायचं नाही आणि काही राखूनही ठेवायचं नाही, असा दंडक होता. ऐकणाऱ्या बायका पुढच्या वर्षी अगदी तसंच करत. एकीला कळलेलं अशा रीतीने सगळ्यांचं होई.

थोरलीला हा मान कधीच मिळाला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तो सासूकडे होता. सासू थकल्यावर तो पाटलीणबाईंकडे गेला. पाटलीणबाईंचे गुडघे दुखू लागले तेव्हा थोरलीने मनाशी म्हटलं, आता आपली पाळी. तेवढ्यात वाटण्या झाल्या आणि पहिल्याच वर्षी धाकटीच्या वेलावर घागरीएवढा भोपळा धरला. दुसऱ्या वर्षी त्याहून मोठा. तिसऱ्या वर्षीचा उचलून तिच्या डोक्यावर द्यायला दोन माणसं लागली, आणि त्यांतली एक थोरली होती. भोपळा ठेवताना तिच्या मनात जे आलं ते मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "सांभाळ गं, मान लचकेल."

मत्सराचा एक फायदा आहे. माणूस कितीही आळशी असो, मत्सर त्याला पहाटे उठवतो. चौथ्या वर्षी भाद्रपदात वेल फुलांवर आले, तेव्हा थोरली रोज कोंबड्याच्या आधी उठून कुंपणाशी उभी राहू लागली. धाकटी असं वेगळं करते तरी काय, ते तिला पाहायचं होतं. धाकटी काहीच वेगळं करत नव्हती. शेण घालत होती, पाणी घालत होती, अळ्या वेचत होती. थोरली हे सगळं दुप्पट करत होती. माती तर तिचीच चांगली होती. मग एके सकाळी तिला चोर सापडला.

भोपळ्याचं फूल उजाडताना उमलतं आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत मिटूनही जातं. तेवढ्या वेळात गोठ्याच्या भोकातून माश्या निघत, कुंपण ओलांडून थोरलीच्या फुलांत शिरत, आत मनसोक्त लोळत आणि अंगभर पिवळी पूड माखून बाहेर पडत. मग त्या पुन्हा कुंपण ओलांडून धाकटीच्या फुलांवर जात. माझ्या फुलांचं सोनं तिच्या भोपळ्यांत चाललंय, असं थोरलीने ताडलं. माश्या जाताना काय नेतात हे तिने अगदी डोळे ताणून पाहिलं. येताना काय आणतात हे पाहायला ती थांबली नाही. तोवर तिने निकाल देऊन टाकला होता.

तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, आपल्या वेलाचं सत्त्व सगळं तिकडे जातंय."

"कोण नेतंय?"

"माश्या."

"मग माश्यांना सांग," नवरा म्हणाला आणि त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

माश्यांना सांगून उपयोग नाही हे थोरलीलाही कळत होतं. तिने एक जुनं लुगडं फाडलं आणि त्याची लहान लहान टोपरी शिवली. बाळाला घालतात तशी, गळ्याशी नाडी असलेली. रोज संध्याकाळी ती वेलात वाकून वाकून उद्या उमलणारी कळी शोधी, तिच्यावर टोपरं चढवी आणि नाडी आवळी. सकाळी माश्या येत, टोपऱ्यांवर चार घिरट्या घालत आणि निघून जात. थोरली कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघे.

तिसऱ्या दिवशी धाकटीने कुंपणावरून पाहिलं. "जाऊबाई, फुलांना पडसं झालंय का?"

"दृष्ट लागू नये म्हणून घातलीत."

"कोणाची हो?"

"ज्याची लागते त्याची," थोरली म्हणाली आणि पुढच्या फुलाकडे वळली.

एक फूल तेवढं राहिलं. ते नेमकं कुंपणाच्या काट्यांत घुसलं होतं आणि धाकटीच्या बाजूला तोंड करून उमलायच्या बेतात होतं. थोरलीने हात घातला, मनगटावर दोन ओरखडे काढून घेतले आणि नाद सोडला. एका फुलाची चोरी झाली तर होऊ दे, असं तिने मनाचं समाधान केलं.

पुढे आठ दिवसांत तिच्या वेलावर लिंबाएवढे भोपळे दिसू लागले. ती मोहरून गेली. मग ते पिवळे पडले, मऊ झाले आणि हात लावताच देठापासून सुटले. नवे आले, तेही तसेच गेले. थोरलीने आधी धाकटीला मनातल्या मनात शिव्या दिल्या, मग वेलावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, मग परत शिव्या दिल्या. भोपळे गळतच राहिले.

धरला तो एकच. कुंपणातला.

तो मात्र असा काही वाढू लागला की विचारू नका. वेल चांगला पन्नास हात पसरला होता. पानं सुपाएवढी. ती दिवसभर उन्हात अन्न तयार करत होती आणि खाणारं तोंड एकच होतं. कार्तिक संपेपर्यंत तो भोपळा एवढा झाला की आत लहान मूल बसवून वर झाकण लावता आलं असतं. निम्मा थोरलीकडे होता आणि निम्मा कुंपण दाबून धाकटीकडे झुकला होता.

हा काय प्रकार आहे ते नवऱ्याने गावातल्या पंतोजींना विचारून आणलं. पंतोजींचं म्हणणं असं की भोपळ्याच्या वेलावर दोन जातींची फुलं येतात. काही लांब देठाची, त्यांत नुसती पिवळी पूड असते. ती नर फुलं. काहींच्या बुडाशी जन्मतःच इवलासा भोपळा असतो. ती मादी. नर फुलातली पूड मादी फुलात पोचली तरच तो इवलासा भोपळा धरतो, नाहीतर गळतो. फुलांना पाय नसतात, म्हणून ही ने-आण माश्या करतात. मजुरी म्हणून त्यांना फुलातला मध मिळतो. तेव्हा थोरलीच्या वेलाची नर फुलंही टोपऱ्यांत कोंडलेली असल्यामुळे, कुंपणातल्या फुलात जी पूड पडली ती माशीने धाकटीच्या वेलावरूनच आणली असणार.

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. "पंतोजींच्या परसात आजवर एक तरी भोपळा आलाय का?" एवढंच तिने विचारलं. पण ती बाई मूर्ख नव्हती. झाकलेली सगळी गळाली आणि उघडं राहिलेलं एक धरलं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला पटलं. पटलेलं तिने आत कुठेतरी ठेवून दिलं आणि वर झाकण लावलं.

जत्रेच्या दिवशी धाकटीचे नऊ भोपळे एकीकडे आणि थोरलीचा एक एकीकडे अशी तुलना करायची वेळच आली नाही, कारण मोजमाप एका भोपळ्याचंच होई. मान थोरलीला मिळाला. बावीस वर्षांनी. डोक्यावर ओझं, पुढे ढोल, मागे गाव, आणि मागच्या गावात कुठेतरी धाकटी. टेकडी चढताना थोरलीचा श्वास फुलला होता, पण कोणी भोपळा खाली घ्यायला आलं असतं तर तिने त्याला चावा घेतला असता.

मग ती खालच्या पायरीवर बसली आणि तिने वेल सांगितला. बी, शेणखत, विहिरीचं पाणी. बायका मन लावून ऐकत होत्या. "आणि फुलांना टोपरी घातली," ती म्हणाली. बायकांत कुजबुज झाली. हे नवीन होतं.

देवळाचा गुरव म्हातारा होता आणि वेल ऐकताना कधी डुलक्या घेत नसे. त्याने विचारलं, "सगळ्या फुलांना घातली का, वहिनी?"

थोरलीने गर्दीकडे पाहिलं. धाकटी समोरच उभी होती. निम्मा भोपळा तीन महिने तिच्या बाजूला लोंबत होता, तो कोणत्या फुलाचा हे तिला ठाऊक नसण्याचं कारण नव्हतं. खरं सांगायला पाच-सहा शब्द पुरले असते. पण ते शब्द सांगितले की टोपरी हा शहाणपणा न ठरता वेडेपणा ठरत होता, भोपळा निम्मा जावेचा ठरत होता आणि ढोल अजून वाजत होते.

"सगळ्या," थोरली म्हणाली.

धाकटीने पदर सारखा केला.

पुढच्या वर्षी भाद्रपदात गाव पाहण्यासारखा झाला. परसापरसांत टोपरी. जणू घरोघर बारसं होतं. जुनी लुगडी संपली तशी बायकांनी बरी लुगडी काढली. कोणी टोपऱ्यांना झालर लावली, कोणी कशिदा काढला. भोपळ्याला चालतं तर दोडक्याला का नको, म्हणून दोडका, काकडी, पडवळ, कारलं, सगळ्यांची फुलं बांधली गेली. एकट्या धाकटीने काही बांधलं नाही. लोकांनी विचारलं तर म्हणे, मला वेळ होत नाही. गावात बोललं जाऊ लागलं की हिला जावेचं चांगलं बघवत नाही. थोरलीने हे ऐकलं आणि तिला फार बरं वाटलं.

थोरलीनेही टोपरी घातली, कारण घातली नसती तर लोकांनी पाहिलं असतं. फक्त मागच्या बाजूची चार फुलं तिने गुपचूप उघडी ठेवली. गावाचं काय व्हायचं ते होवो, आपला भोपळा धरला पाहिजे, हा तिचा हिशोब साधा होता.

पण एक गोष्ट तिच्या हिशोबात नव्हती. गावातली सगळी फुलं कोंडल्यावर माश्यांनी खायचं काय? त्यांनी थोडे दिवस इकडे तिकडे शोधलं. धाकटीच्या एका वेलावर एवढ्या माश्यांचं पोट कसं भरणार? एके दुपारी त्या गोठ्याच्या भिंतीतून घोंगावत बाहेर पडल्या, एकदा गावावरून फिरल्या आणि जंगलाच्या दिशेने निघून गेल्या. भिंतीतलं भोक रिकामं राहिलं. थोरलीची चार उघडी फुलं उमलली, मिटली आणि त्यांच्या बुडाशी असलेले चार भोपळे लिंबाएवढे होऊन गळून पडले.

साऱ्या गावाचे गळत होते. बायका कुजलेले भोपळे ओंजळीत घेऊन थोरलीच्या दारात येऊ लागल्या. मानाची बाई ती, तिलाच विचारणार. खरं सांगायची संधी आता रोज दारात येऊन उभी राहत होती. थोरलीने एकीला सांगितलं, कापड विरळ असेल. दुसरीला सांगितलं, नाडी सैल बांधली असशील. त्या घरी जाऊन दुहेरी कापडाची टोपरी शिवत बसल्या.

मार्गशीर्ष आला तेव्हा अख्ख्या गावात एक भोपळा होता. माश्या जाण्याआधी धाकटीच्या वेलावर धरलेला, नारळापेक्षा थोडा मोठा. बाकी कोणाच्या घरात भाजीला फोड नव्हती. आणि भाजीचं एक वेळ सोडा, पुढच्या वर्षी टोचायला बी कुठून आणायचं, या काळजीने लोकांचे चेहरे उतरले होते. धाकटी तो भोपळा एका हातावर घेऊन टेकडी चढली. ढोल वाजवणाऱ्यालाही एवढ्याशा भोपळ्यापुढे जोरात वाजवायची लाज वाटत होती.

धाकटी पायरीवर बसली. बी सांगितलं, शेण सांगितलं, पाणी सांगितलं.

"फुलं?" गुरवाने विचारलं.

"उघडी ठेवली."

मग गलका झाला. एक म्हातारी पुढे आली आणि तिने विचारलं की उघड्या फुलांनीच भोपळा धरतो, तर गेल्या वर्षी थोरलीचा एवढा थोरला कसा झाला? आणि तुला ठाऊक होतं, तर तू वर्षभर गप्प का बसलीस?

"तो वेल माझा नव्हता, आजी," धाकटी म्हणाली. "ज्याचा वेल त्याने सांगायचा, अशीच रीत आहे ना? मी सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, हिच्या पोटात दुखतंय. आताही म्हणताच आहात." मग ती पायरीवर जरा सरकली आणि बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिला वाटलं, घरी निघून जावं. तिला असंही वाटलं की या बाईने पायरीवर सरकून दाखवण्यातही माझ्यावर कडी केली. पण भोवती एवढी माणसं उभी होती, रिकाम्या हातांनी, आणि त्यातल्या प्रत्येकीने तिचं ऐकून आपलं लुगडं फाडलं होतं. ती पुढे आली आणि बसली.

"एक फूल उघडं होतं," ती म्हणाली. "कुंपणात होतं. हात पोचला नाही. तेच धरलं."

"आणि टोपरं घातलेली?" गुरवाने विचारलं.

"सगळी गळाली."

"मग हे गेल्या वर्षी का नाही सांगितलं, वहिनी?"

थोरलीने नजर पायरीकडे वळवली. "बावीस वर्षांनी मान मिळाला होता," ती म्हणाली. "त्यातला निम्मा हिला द्यायला लागला असता."

मग मागून एक बाई म्हणाली, "आणि मी माझा शालू फाडला," आणि लोक हसले, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

गावाने तिथेच ठरवलं. धाकटीच्या भोपळ्याचं बी घरोघर वाटायचं. ते वाटायला थोरलीने जायचं आणि प्रत्येक दारात उभं राहून उघड्या फुलाची गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची. एकही घर गाळायचं नाही. पंतोजींना पहिल्यांदाच साऱ्या गावाने काहीतरी विचारलं, की गेलेल्या माश्या परत येतील का. ते म्हणाले, फुलं उघडी दिसली तर येतील. त्यांना कोणाचा मान नको असतो, पोटाला हवं असतं.

मग घारगे झाले. भोपळा एवढासा, त्यामुळे पिठातच भोपळा शोधावा लागत होता. गुरव ओळीने वाटत आला. थोरली ओळीत सगळ्यांत शेवटी बसली होती, आणि तिच्यापर्यंत पोचता पोचता परात रिकामी झाली. गुरवाने परात उलटी करून दाखवली. त्याच्याही चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं.

धाकटी उठून आली आणि शेजारी टेकली. तिने आपला घारगा मोडला आणि एक तुकडा थोरलीच्या हातावर ठेवला. "घ्या, जाऊबाई."

थोरलीचे डोळे भरून आले. तिने घारगा तोंडात घातला. गोड होता. आणि चावता चावता तिला वाटून गेलं की धाकटीने स्वतःकडे ठेवलेला तुकडा जरासा मोठा आहे.

तात्पर्य: शेजारी आपलं काय नेतो हे पाहायला पहाटे उठणाऱ्याने, तो काय आणून देतो ते पाहण्यापुरतं तरी तिथेच थांबावं, आणि जे दिसलं ते वेळेवर सांगावं, नाहीतर पुढे तेच दारोदार सांगत फिरावं लागतं.